तिसरं मरण

“हं, सांग गो शालन. आज कशी मरशील?”

मास्तरांनी हे रोजच्याच आवाजात विचारलं, चहा घेतेस का असं विचारावं तसं. पण त्या दिवशी माझ्या मागं आई उभी होती, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. माळावरच्या वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून तिनं पदर आडवा धरला होता. तो पदर हातातून सुटला आणि ज्योत विझली.

“काय म्हणाले ह्ये?” तिनं मला विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता ती सरळ मास्तरांवर वळली. “तोंडाला काय हाड हाय का न्हाई हो तुमच्या? पोरगी आज पयल्यांदा एकटी वर जाणार, आन् तिला मरणाचं इचारताय?”

माणगावकर मास्तर मूळचे मालवणकडचे. हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्या ग्लायडिंग क्लबात शिकवायला आले होते. भल्या भल्या साहेबांना ते धावपट्टीवरून हुसकावून लावत. आईपुढं मात्र त्यांची बोलती बंद झाली.

“तशी रीत आहे वहिनी आमची,” ते चाचरत म्हणाले.

“खड्ड्यात गेली ती रीत! शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. वास्तु तथास्तु म्हणत असती, ठाव हाय न्हवं?”

रीत मात्र खरीच होती. मास्तरांच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकानं उडण्याआधी ग्लायडरच्या, म्हणजे त्या बिनइंजिनाच्या विमानाच्या, नाकाशी उभं राहून आज आपण कसे मरू शकतो ते मोठ्यानं सांगायचं. तीन प्रकार. आणि प्रत्येक मरण टाळायला काय करू, तेही. पहिली दोन शिळी चालत. ग्लायडरला वर खेचणारी तार तुटणं, जमिनीजवळ वेग कमी असताना वळणं, असली नेहमीची. तिसरं मात्र ताजं लागे. ते आजचं असायला हवं, आजच्या वाऱ्याचं, आजच्या यंत्राचं, आजच्या माणसाचं. ते शोधायला ग्लायडरभोवती फिरावं लागे, आभाळाकडं बघावं लागे, रात्री आपली झोप झाली होती का तेही आठवावं लागे. “आज तिसरं नाहीच मास्तर, सगळं झकास आहे,” असं पद्माकर शेवडे एकदा म्हणाला होता. त्याला मास्तरांनी दिवसभर धावपट्टीवरचे खडे वेचायला लावलं.

आता मास्तर माझ्याकडं बघत होते, आई मास्तरांकडं बघत होती आणि मी जमिनीकडं.

“बरं, राहू दे,” मास्तर म्हणाले. “आईचं मन कशाला मोडा? आज मनातल्या मनात म्हण.”

मला हायसं वाटलं. आईच्या देखत माझ्या मरणाचे तीन प्रकार सांगायची माझी छाती नव्हती.

तशी माझी छाती कशासाठीच नव्हती. मी जन्माची भित्री भागूबाई. विहिरीत वाकून बघायला घाबरणारी, पाल दिसली की पलंगावर चढणारी. आमच्या कॉलेजच्या मुलांना क्लबात फुकट शिकवायची एक योजना होती. मैत्रिणींनी चेष्टेनं त्यात माझं नाव घातलं. निवड झाली, आणि नाही म्हणायलाही मी घाबरले. अशी मी माळावर पोचले. मास्तर मागच्या सीटवर असले की कसंबसं निभावत होतं. पण भीती एक दिवसही गेली नव्हती. मला वाटायचं, हे मास्तरांना कळलं तर ते माझं नाव काढून टाकतील आणि गावभर माझं हसं होईल. म्हणून मी ती चोरासारखी लपवून ठेवली होती. आणि आज मास्तर सोबत नव्हते. आज मी मेले असते तर एकटीच मेले असते, तेही आईच्या डोळ्यांसमोर.

“पाणी पिऊन येते,” म्हणून मी शेडच्या मागं पळाले आणि भडाभडा ओकले. शेडच्या मागच्या भिंतीला एक मोडका पंख टेकवून ठेवलेला होता. लाकडाच्या फासळ्या उघड्या पडलेल्या, कापड फाटून लोंबणारं. तो कुणाचा, हे मास्तरांना कुणी विचारत नसे. मी तोंड पुसलं, त्या पंखाकडं पाठ केली, आणि तेवढ्यात पलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला. पद्माकर ओरडला, “गणपती बाप्पा मोरया!”

मी परत आले तेव्हा वातावरणच बदललं होतं. आईचा राग निवळला होता. सगळे खोबरं चघळत उभे होते, मास्तरसुद्धा. आईनं माझ्या हातात एक तुकडा कोंबला, निरांजन पुन्हा लावलं, मला ओवाळलं, कपाळावर कुंकू लावून वर अक्षता चिकटवल्या.

“घाबरू नगं,” ती हळूच म्हणाली. “न्हाई न्हवं घाबरलीस?”

“छे,” मी म्हणाले. खोबऱ्याचा तुकडा दाताखाली फिरत होता, पण गिळवत नव्हता.

मी पुढच्या सीटवर बसले. पट्टे आवळले. मास्तर बाजूला वाकून एकेक गोष्ट विचारू लागले आणि मी उत्तरं देऊ लागले. दांडी मोकळी? मोकळी. पट्टे? घट्ट. वजन?

“ठीक,” मी म्हणाले आणि मास्तरांनी मान हलवली.

ह्या वजनाचं असं होतं. मी अंगानं काडी. पुढच्या सीटवर पुरेसा भार नसला तर ग्लायडरची शेपटी जड होते. म्हणून माझ्यासारख्या हडकुळ्या माणसाच्या सीटखाली शिशाच्या जाड पट्ट्या ठेवायच्या असत. सकाळी आई यायच्या आधीच पद्माकरनं त्या आणून ठेवल्या होत्या. मास्तरांनी स्वतः हात लावून बघितलं होतं. त्या जागेवर अडकवणारी खीळ घालायची तेवढी राहिली होती, ती कुणीतरी घातलीच असेल.

मास्तरांनी वरची काच लावली आणि बाहेरचे आवाज एकदम दूर गेले. आत फक्त माझा श्वास होता. काचेवर त्याचं धुकं धरायचं आणि विरायचं.

माळाच्या त्या टोकाला विंच होती. म्हणजे जुन्या ट्रकचं इंजिन आणि त्याला जोडलेलं मोठं रहाट. ते लांबलचक पोलादी तार भराभर गुंडाळायला लागलं की ग्लायडर पतंगासारखं वर जायचं. पुरेसं उंच गेलं की समोरचा पिवळा खटका ओढून तार सोडायची. पद्माकर माझ्या डाव्या पंखाचं टोक धरून उभा होता. मास्तर थोडे पुढं, हातात झेंडा घेऊन. त्यांनी तो संथपणे हलवला की तारेतला ढिलेपणा निघणार. जोरात हलवला की खेच बसणार. त्यानंतर माघार नाही.

माझे पाय शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या पायट्यांवर थडथड उडत होते. ती थरथर मागं शेपटीपर्यंत जात असावी, कारण पद्माकर बाहेरून ओरडला, “शालन, शेपूट कशाला हलवतेस गं?” कुणीतरी हसलं. मी गुडघे दाबून धरले. तळहाताला घाम सुटला होता, दांडी निसटत होती. कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईत उतरलं. ते पुसायला हात उचलायचीही मला भीती वाटली.

मास्तर म्हणाले होते, मनातल्या मनात म्हण. मी म्हणायला लागले.

पहिलं. तार तुटेल. मग लगेच नाक खाली, वेग धर, सरळ समोर उतर. दुसरं. जमिनीजवळ वेग मरेल आणि वळताना पंख पडेल. मग वळायचंच नाही. तिसरं.

तिसरं मला येईना.

रोज मी तिसरं चाचपडत शोधायची आणि मास्तर तोंडाकडं बघत उभे राहायचे. त्या नजरेपुढं काहीतरी शोधावंच लागायचं. आज कुणी बघत नव्हतं. मन म्हणालं, झालं की, दोन पुरेत. आज कोण विचारतंय? नारळ फुटलाय, ओवाळून झालंय, आता शुभ बोल. पण भीती काही ऐकेना. ती छातीवर बसून राहिली. मी पहिल्यांदाच मास्तरांचं काम स्वतः केलं. त्या बंद काचेच्या आत मोठ्यानं म्हटलं, “तिसरं सांग. सांग शालन, तिसरं.”

समोर तार गवतातून सापासारखी सरकायला लागली. मास्तरांचा झेंडा संथपणे हलत होता.

आणि मला जाणवलं की मला तार फार लांबवरची दिसतेय. नाकाजवळची दिसतच नव्हती. समोर गवत दिसायला हवं होतं, तिथं आभाळ होतं. मला आधी वाटलं, भीतीनं डोळे फिरले. मग वाटलं, मास्तर मागं नाहीत म्हणून वेगळं वाटत असेल. पण आदल्याच दिवशी मास्तरांनी मला शिशाच्या पट्ट्यांसकट एकटीला बसवून बघितलं होतं. तेव्हा नाक गवताला टेकलं होतं. आज ते वर होतं. शेपटी खाली बसली होती आणि मी उताणी पडल्यासारखी आभाळाकडं बघत होते.

मी मान वळवली. डावीकडं, पद्माकरच्या पलीकडं आई उभी होती. दोन्ही हात जोडून, डोळे मिटून. तिच्या पायाशी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. आणि करवंट्यांच्या शेजारी गवतात, एकीवर एक रचलेल्या, हळदकुंकू वाहिलेल्या माझ्या शिशाच्या पट्ट्या होत्या.

हे वाचणाऱ्याला वाटेल की मी त्याच क्षणी खटका ओढला. नाही ओढला. खटक्यावर हात होता, पण बोटं वळेनात. वाटलं, एवढे लोक बघताहेत. आईनं गावभर सांगून ठेवलंय. आता थांबवलं तर म्हणतील, घाबरली. मरायची वेळ आली तरी मी लोक काय म्हणतील यालाच घाबरत होते! मास्तरांचा झेंडा जोरात हलला. तार ताठ झाली, ग्लायडरला हिसका बसला, चाक खडखडत पुढं निघालं आणि नाक वर उचललं जाताना मला पोटात कळलं. मग मी किंचाळले. किंचाळत दोन्ही हातांनी पिवळा खटका ओढला.

ताडकन आवाज झाला. तार सुटून सरसरत निघून गेली. ग्लायडर आदळलं, थोडं घसरलं, आणि एक पंख टेकून कलंडून थांबलं. मी सीटच्या पट्ट्यांत लोंबकळत “आई, आई” म्हणत राहिले. आई तिथंच होती, पण काचेमुळं तिला ऐकू येत नव्हतं.

मास्तर धावत आले. त्यांची टोपी वाटेतच पडली होती. त्यांनी काच उघडली.

“काय झालं? काय झालं गो? का सोडलीस?”

मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी तिकडं बघितलं, मग खाली बसलेल्या शेपटीकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. इतकं पांढरं तोंड मी जिवंत माणसाचं पाहिलं नव्हतं.

पद्माकर मागून धापा टाकत आला. त्यानंही बघितलं.

“मास्तर, मी... काकू दगड मागत होत्या नारळ फोडायला. इथं धोंडा कुठला असणार? आपण खडासुद्धा ठेवत नाही. खीळ घातलेली नव्हती म्हणून मी पट्ट्या काढून दिल्या. लगेच परत ठेवणार होतो. पण काकूंनी खोबरं दिलं हातात, आणि मग...” पुढं त्याला रडूच फुटलं. दिवसभर गाणी म्हणणारा पद्माकर लहान पोरासारखा रडत होता.

मास्तर मटकन खाली गवतात बसले.

“मी पण खोबरं खात उभा होतो,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत काढल्यात त्या पट्ट्या. बघत होतो मी. बघून हसलोसुद्धा, काय डोकं लावतो पोरगा म्हणून.”

तेवढ्यात आई पोचली. पदर विस्कटलेला, ताट तिकडंच टाकलेलं. “काय झालं? लागलं का कुठं? अवो, कुणी सांगा की!”

आता तिला कुणी काय सांगणार, असं मला वाटलं. मी म्हणणारच होते, काही नाही गं आई, तार सुटली. पण मास्तरांनी सांगितलं. उठून उभे राहिले आणि शांतपणे, काही न लपवता सांगितलं. त्या पट्ट्या कशासाठी असतात ते. त्या नसताना तार तशीच खेचत राहिली असती तर नाक कसं उलटं वर गेलं असतं ते. त्यांनी आपला पंजा सरळ उभा केला, क्षणभर तसाच धरला आणि पाठीवर खाली पाडला.

आईनं तो हात बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मग ती जाऊन त्या पट्ट्यांपाशी बसली आणि पदरानं त्यांच्यावरचं हळदकुंकू पुसायला लागली. घासून घासून पुसत होती. कुणी तिला थांबवलं नाही.

मी खाली उतरले. आणि इथं एक गंमत झाली. माझे पाय लटपटत नव्हते. अंग असं हलकं झालं होतं की जणू तापच उतरला. इतकी वर्षं छातीवर बसलेली ती भीतीची बया उठून गेली होती. मी मेले नव्हते! मरण इतक्या जवळून बघून मी जिवंत होते, आता मला कोण काय करणार? मी हसायलाच लागले.

“मास्तर,” मी म्हणाले, “पट्ट्या घाला आणि खीळ लावा. मी जाते.”

त्यांनी चमकून बघितलं.

“खरंच जाते. तुम्हाला खोटं वाटेल, पण आज पहिल्यांदाच सांगते. मी रोज घाबरत होते. पहिल्या दिवसापासून रोज. तुम्हाला कळू दिलं नाही. आता मात्र अजिबात, अजिबात भीती वाटत नाहीये. सोडा मला.”

“तू रोज घाबरायचीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर तुला एकटीला सोडायला तयार झालो. त्या पद्माकराला अजून सोडलेलं नाही, तो तुझ्या आधीचा असून.”

मी पद्माकरकडं बघितलं.

“आता भीती वाटत नाही म्हणतेस?” मास्तरांनी विचारलं.

“नाही.”

“मग आज नाही.” त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले. ते थरथरत होते. “आणि मी तर मुळीच नाही. मी आज घाबरायला विसरलो गो. पद्माकर, ग्लायडर शेडमध्ये घ्या.”

मी रागावले. विनवण्या केल्या. थोडी रडलेसुद्धा. ते ढिम्म. आम्ही सगळ्यांनी मिळून ग्लायडर ढकलत नेलं. आईही एका बाजूनं ढकलत होती. शेडचं दार लागलं तेव्हा ऊन नुकतं कुठं तापायला लागलं होतं.

परतीच्या एस.टी.ची वाट बघत आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो. आई पदराला लागलेलं हळदकुंकू चोळत होती. मला वाटलं, आता म्हणेल, पुरे झाली ही थेरं, घरी चल. माझं सगळं शिकणं तिच्या त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. मघाचं ते हलकंपण केव्हाच उतरलं होतं. भीती पुन्हा छातीवर येऊन बसली होती.

“पुढच्या ऐतवारी सोडतील का तुला?” तिनं विचारलं.

“सोडतील बहुतेक.”

“मग जा. पर मी न्हाई येनार.”

“का गं? एवढं काय? तुझी काही चूक नाही आई. उलट तू आलीस म्हणून...”

“माझी चूक न्हाई, ते मला कळतंय.” ती रस्त्याकडं बघत म्हणाली. “नारळ काय, कुटंबी फुटतोय. पर मी हितं उबी ऱ्हायले की तो एवढा मोठा मास्तर गप बसतो. त्यो पोरगा हातातलं काम सोडून खोबरं खातो. तू सुदा माझ्याशी खोटं बोलतीस, घाबरली न्हाई म्हणून. समदी माझं मन राखत बसता. तुला वर जायाचं आसंल तर मन राखनारं मानूस खाली नको.”

लांबून एस.टी.ची धूळ दिसायला लागली.

“बगायचं लई होतं बाई मला,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून पुढं झाली.

पुढच्या रविवारी मास्तरांनी मला विचारलं, मी तिन्ही मरणं मोठ्यानं सांगितली, आणि थरथरत उडाले. त्यानंतर बरीच वर्षं उडत राहिले. पुढं मास्तर गेल्यावर त्यांच्या जागी उभी राहून इतरांना शिकवलंही. दर रविवारी संध्याकाळी मी घरी गेले, आणि पुढं लांब राहायला लागले तेव्हा फोन केला, की आई आधी विचारायची, “उतरलीस?” मी हो म्हणायची. मग ती म्हणायची, “आता सांग, वरून काय काय दिसलं.” ती म्हातारी झाली, गुडघे गेले, तरी तिचा तो प्रश्न चुकला नाही. मी तिला सगळं सांगायची. पण तिनं मला उडताना कधीच बघितलं नाही.